ताई, खाली बसा

"ताई, खाली बसा."

एवढंच म्हणाला आमचा पक्षी दाखवणारा गाईड, दोनदा. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा बाकीचे तेरा जण बसले, म्हणजे कोणी उकिडवं, कोणी एका गुडघ्यावर, एक रिटायर्ड काका तर चक्क मांडी घालून ओल्या वाळूत, आणि मी मात्र नुसती कमरेत वाकले. एक तर माझा डावा गुडघा. दुसरं म्हणजे पॅन्ट फिकट रंगाची होती. आणि खरं कारण हे की मोबाईलमध्ये थवा नीट येतच नव्हता, झूम केलं की सगळे रांगोळीचे ठिपके. दुसऱ्यांदा म्हणाला तेव्हा मी "हो हो, एकच मिनिट" असं पुटपुटत पुढे सरकले. तीन पावलं. चौथं टाकलं असेल नसेल तेवढ्यात समोरची वाळूच उठली. खरंच तसं वाटलं, कारण ते पक्षी वाळूच्याच रंगाचे, खाली असताना पन्नास-साठ वाटत होते आणि उठले तेव्हा दोनशे तरी असावेत. बारीक शिट्ट्यांसारखा आवाज करत पाण्यावर गेले, वळले, एकदम सगळे पांढरे झाले, परत वळले तर गायब, मग पुन्हा पांढरे. मी शूट करत होते. सतरा सेकंदांचा व्हिडिओ आहे. त्यात मागे कुणीतरी "वॉव" म्हणालेलं ऐकू येतं आणि मग गाईडचा आवाज, अजिबात न चिडलेला, "बसा म्हटलेलं ना ताई."

त्या "ना"चं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

चिडला असता तर सोपं गेलं असतं. पैसे भरून आलोय, एवढ्या पहाटे उठून आलोय, वगैरे वगैरे मनात म्हणता आलं असतं. पण पंचविशीतला तो पोरगा, तिथल्याच गावातला, टेलिस्कोपचा स्टँड खांद्यावर घेऊन नुसता उभा राहिला आणि थवा कुठे उतरतो ते बघत राहिला. थवा पार खाडीच्या तोंडाकडे जाऊन उतरला. मग तो आम्हा सगळ्यांना म्हणाला, "त्यांचं खाणं चालू होतं. पाणी चढलं की ताट उचललं जातं त्यांचं." माझ्याकडे बघून नाही म्हणाला. ते अजून वाईट.

आक्षीची गोष्ट आहे. अलिबागच्या पुढे, नागावच्या अलीकडे. ऑफिसातल्या मैत्रिणीने ग्रुपवर नाव टाकलं म्हणून गेले मी, मला पक्ष्यांतलं काही म्हणजे काही कळत नाही, कावळा, चिमणी, कबुतर, खंड्या, संपली यादी. ठाण्याहून रात्री साडेतीनला मिनी बस निघाली, वडखळला डोळे उघडले तर धुकं आणि ट्रक, पुन्हा मिटले. आक्षीत शिरताना रस्त्याकडेच्या शिलालेखाचा विषय निघाला, तो शके 934 चा म्हणजे 1012 सालचा, मराठीतला सगळ्यात जुना वगैरे आपण शाळेत ऐकलेला, सालावरून अभ्यासकांचे वाद आहेत ते सोडा. त्यात राजाला पश्चिम समुद्राचा अधिपती म्हटलंय. काका म्हणाले, "अधिपतीला विचारा ओहोटी किती वाजता." सगळे हसले. मी पण हसले, पण मला ओहोटी किती वाजता ते माहीत होतं आणि त्यासाठी मी मोबाईल बघितला नव्हता.

आजीचं गणित. माझी आजी रेवदंड्याची. भिंतीवर कालनिर्णय, पण वेळ ती बोटांवर काढायची. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बीज असेल तर दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी पण आणि रात्री पण. त्यात सहा-सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा. थोडंफार इकडे तिकडे, पण फार चुकत नाही. आम्ही गेलो तेव्हा अमावास्या होऊन बीज होती, म्हणजे साडेसात-पावणेआठला पाणी सगळ्यात आत, आणि अवस-पुनवेच्या आसपासचं उधाण म्हणजे आत गेलेलं पाणी खरंच लांब जातं, भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत जातं तसं नावापुरतं नाही. गाईडच्या मोबाईलमधल्या ॲपने सात चाळीस सांगितलं. मी कुणाला काही बोलले नाही, उगाच शहाणपणा नको, पण बसमध्ये माझं मीच आजीला टाळी दिली.

सुरूच्या बनातून बाहेर आलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. समुद्र कुठे आहे तेच कळेना. आवाज येत होता, पण लांबून, शेजारच्या बिल्डिंगमध्ये टीव्ही चालू असावा तसा. मधे सगळी पुळण, काळपट, ओली, वर आकाशाचा थोडा गुलाबी रंग सांडलेला, आणि खेकड्यांनी काढून ठेवलेल्या वाळूच्या बारीक बारीक गोळ्या, प्रत्येक बिळाभोवती किरणांसारख्या मांडलेल्या. पायाखाली त्या चिरडताना जिवावर येतं आणि न चिरडता चालताच येत नाही. वास ओल्या दोरखंडाचा, थोडा सुक्या बोंबलाचा, बंदराकडून येणारा. चपला काढल्या तर थंडी थेट पोटऱ्यांत चढली. गाईड म्हणाला एका रांगेत चला, फार बोलू नका, आणि थव्याच्या दिशेने सरळ चालत जायचं नाही, तिरकं जायचं, थांबत थांबत. मला तेव्हा हसू आलं होतं. चोरी करायला आल्यासारखं.

पहिला पक्षी दाखवला तो सँडरलिंग. ह्याच्यावर मी एक अख्खा तास बसू शकते. मुठीएवढा, पांढराफटक, काळे पाय. लाट मागे गेली की तो लाटेच्या मागे पळत सुटतो, वाळूत टोच टोच टोच, लाट परत आली की हा तिच्या पुढे पळत परत, पाय भिजवायचे नाहीत अशी आईची सक्त ताकीद असल्यासारखा. पाय इतके भराभर चालतात की दिसतच नाहीत, चाकांवर चाललाय असं वाटतं. गाईडने वाळूतले ठसे दाखवले, तीनच बोटं, सगळी पुढची. मागचं बोट ह्याला नसतंच. हा प्राणी उन्हाळ्यात उत्तर ध्रुवाजवळच्या उजाड प्रदेशात अंडी घालतो आणि हिवाळ्यात अलिबाग तालुक्यात येऊन लाटेशी शिवाशिवी खेळतो. खेळतो म्हणजे मला तसं दिसतं. तो जेवतोय.

मग टेलिस्कोपमधून एकेक. लाल डोळ्यांचा, गाजरासारखी चोच असलेला काळा-पांढरा ऑयस्टरकॅचर, नावात कालवं असली तरी समोर एका खुब्याच्या, म्हणजे शिंपलीच्या, मागे लागलेला, चोच सुरीसारखी फटीत घालून असा काही उघडला त्याने तो खुबा की आमच्या ग्रुपमधली एक कोळीण मैत्रीण म्हणाली, "माझ्या सासूला दाखवायला पाहिजे हा." चिखल्या, म्हणजे सँड प्लोव्हर, ह्यातले बरेच लडाख-तिबेटकडच्या पठारावरून उतरलेले. पाणटिवळा. ह्याच्याच एका जातभाईने, पट्टेरी शेपटीच्या पिल्लाने, पाच महिन्यांच्या, 2022 साली अलास्काहून निघून टास्मानिया गाठलं, 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, मधे कुठे न उतरता, न खाता, न पिता, पाठीवर ट्रान्समीटर होता म्हणून कळलं. निघण्याआधी हे पक्षी वजन जवळजवळ दुप्पट करतात आणि ऐन उड्डाणाच्या वेळी पोटातली आतडीबितडी आकसून घेतात, उगाच ओझं नको म्हणून. हे सगळं गाईड अगदी सहज सांगत होता आणि मी मनात माझ्या बॅगेतलं सामान मोजत होते. एका दिवसासाठी दोन जोड कपडे आणले होते.

आणि ग्रेट नॉट. करडा, ठिपक्या-ठिपक्यांचा, दिसायला काहीच खास नाही. पण बाकीच्या दोघा जाणकारांचे श्वास अडकले, कारण हा 2015 पासून धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आहे. दक्षिण कोरियात सेमांगम म्हणून एक प्रचंड चिखलाची किनारपट्टी होती, ऑस्ट्रेलिया ते सैबेरिया जाणाऱ्या ह्या पक्ष्यांची वाटेतली खानावळच म्हणा. तिथे 33 किलोमीटरची भिंत बांधून 2006 साली समुद्र बाहेर ठेवला. भरती-ओहोटी जवळजवळ बंद. पुढच्या वर्षी पक्षी नेहमीसारखे आले असतील, आणि ताट नाही. ते दुसरीकडे गेले असतील असं लोकांना वाटलं होतं. दुसरीकडे सापडले नाहीत.

मी नरिमन पॉइंटला नोकरी करते. सोळा वर्षं. माझं टेबल जिथे आहे त्याच्या खाली समुद्र होता आणि तो बुजवलाय हे मला माहीत होतं, सगळ्यांनाच माहीत असतं, पण तिथे खाली ओहोटी पण असायची, ओहोटीत कुणीतरी टोच टोच करत असेल, हे काही कधी डोक्यात आलं नव्हतं. समुद्र बुजवला म्हणताना आपल्याला पाणीच दिसतं. ह्यावर मी काही करणार आहे का, तर नाही, सोमवारी नऊ सतराची लोकल पकडायची होती आणि पकडली.

मधेच सांगून टाकते, लहानपणी आम्ही हेच करायचो. थवे उडवणे. मे महिन्याच्या सुट्टीत रेवदंड्याला जायचो तेव्हा किनाऱ्यावर पक्षी फारसे नसायचेच, मला वाटायचं नसतातच, आता कळलं की तोवर बहुतेक जण आपापल्या गावी परतलेले असतात. पण दिवाळीच्या सुट्टीत असायचे, भरपूर. बाबा दबक्या आवाजात "आता... आता..." म्हणायचे आणि एकदम जोरात टाळी वाजवायचे, आणि मी आणि दादा फ्रॉक-चड्डीत किंचाळत सुटायचो थव्यात. आणि ते सगळं आभाळ उठायचं. काळं-पांढरं-काळं. बाबा एरवी फार बोलणारे नव्हते, गिरणी बंद पडल्यानंतर तर नाहीच, पण त्या टाळीनंतर ते मोठ्याने हसायचे, मान मागे टाकून, दात दिसतील असे. बाबांना तसं हसताना मी दुसरीकडे कुठे फारसं बघितलेलं नाही. आता कुणी मला म्हणालं की ते चूक होतं, त्या पक्ष्यांना त्रास होत होता, तर हो, होत होता, मान्य. पण ती टाळी मी परत द्यायची नाही. आठवणीत सुद्धा बाबांना "खाली बसा" म्हणणार नाही.

हे दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं की नाही, माहीत नाही. मला तरी आहे.

पण मला छळतंय ते वेगळंच. थवा उडून लांब गेला, आम्ही सगळे गुन्हेगारासारखे बसलो, मी आता मांडी घालून, पॅन्ट गेली ती गेली, आणि तेवढ्यात उजवीकडून एक बाई आली. साठीची असेल. कास्टा, वर पुरुषाचा फुलबाह्यांचा शर्ट, डोक्याला टॉवेल, हातात विळा आणि रंगाचा रिकामा डबा, तार लावून बादली केलेला. कमरेत वाकलेली. वाकून वाळूत विळ्याचं टोक फिरवायचं, टक् असा आवाज आला की तिथे बोटं घालायची, खुबा काढायचा, डब्यात टाकायचा, दोन पावलं पुढे. वर बघायचंच नाही. अशी खुबे काढत काढत ती खाडीच्या तोंडाकडे सरकत गेली, सरळ त्या थव्याकडे. मी गाईडकडे बघितलं. तो हिला का काही म्हणत नाही? तो चहाच्या थर्मासचं झाकण लावत होता. ती गेली, थव्यात गेली, आणि थवा उठला नाही. म्हणजे हलला, तिच्या पुढचे चार-सहा पक्षी तुरुतुरु बाजूला झाले, ती पुढे गेली तसे परत मागे आले, आणि तिने विळा फिरवलेल्या ओल्या वाळूत चोची घालायला लागले. बाजारात गर्दीत टोपलीवाली आली की आपण जेवढे सरकतो तेवढेच. टेलिस्कोपमधून मी बघितलं, एक चिखल्या तिच्या डब्यापासून हातभर अंतरावर होता.

"ती रोज येते," गाईड म्हणाला. मग थोडा विचार करून म्हणाला, "आणि ती त्यांच्याकडे बघत नाही."

आम्ही चौदा जण, चौदा दुर्बिणी, दोन टेलिस्कोप, एक हा एवढा मोठा कॅमेरा तोफेसारखा, सगळे त्यांच्याकडेच बघत. खरं तर दुसरं काय बघायला आलो होतो आम्ही. पण पक्ष्याच्या बाजूने विचार केला तर जे उभं आहे, जे सरळ येतंय आणि डोळे लावून येतंय, ते काय असतं? कुत्रा असतो. ससाणा असतो. आणि जे वाकलेलं आहे, हळूहळू सरकतंय, ज्याचं लक्ष खाली वाळूत आहे, ते आपल्यातलंच एक, जरा मोठं. किहीमला, तिथून फार लांब नाही, सालिम अलींनी 1930 च्या पावसाळ्यात सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता, दिवसचे दिवस एका जागी बसून. ते सुद्धा बघतच होते की. पण एवढं बसलं की बहुतेक बघणं सुद्धा झाडासारखं होत असेल.

माझी आजी तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला विळा नाही वापरायची. पायाने काढायची. गुडघाभर पाण्यात उभी राहून टाच वाळूत फिरवायची आणि डोळे मिटायची, मला ते लहानपणी फार विनोदी वाटायचं, ही काय झोपली की काय. मग एकदम वाकून हात घालायची आणि तिसरी वर. गाईडने त्या दिवशी सांगितलं की नॉट जातीच्या पक्ष्यांच्या चोचीच्या टोकाला दाब ओळखणाऱ्या बारीक जागा असतात, ओल्या वाळूत चोच खुपसली की आत पुरलेला शिंपला न दिसता, चोच त्याला न लागता सुद्धा कळतो, कारण त्याच्यामुळे पाण्याचा दाब बदलतो. सगळे जण अमेझिंग अमेझिंग म्हणाले. माझ्या डोळ्यासमोर आजीची भेगाळलेली टाच. ह्या पक्ष्यांना ती काय म्हणायची ते आठवायचा मी खूप प्रयत्न केला. काही म्हणायचीच नाही बहुतेक. "पाखरं" म्हणायची सगळ्यांना. तिला नाव विचारायची गरज पडली नसावी, शेजारच्या वाफ्यात काम करणाऱ्या बाईचं नाव कुठे आपण विचारतो, ओहोटीला ती आली की नाही तेवढं बघतो.

नऊनंतर पाणी चढायला लागलं. ह्याचीच वाट बघायची असते म्हणे, आपण पक्ष्यांना गाठायला जायचंच नाही, आपण कोरड्या वाळूत गप बसून राहायचं, भरतीच त्यांना हळूहळू आपल्याकडे ढकलते. आणि ढकललं. कुरव आले, सुरय आले, चिखल्या आले, शेवटी तो ग्रेट नॉट आला, इतका जवळ की दुर्बीण बाजूला ठेवली. मी मोबाईल काढला नाही. हे मी मोठेपणाने सांगत नाहीये, बॅटरी चार टक्के होती. मग नागावच्या बाजूने त्या चार चाकांच्या बाईक आल्या, तीन, प्रत्येकीवर दोघं, टोप्या उडत होत्या, ओरडत होते, मजेत होते. सरळ थव्यातून गेल्या. आमच्यातले दोघं उठून भांडायला गेले, गाईड गेला नाही. मी त्या मागच्या बाईकवरच्या पोरीचा चेहरा बघितला, आठ-नऊ वर्षांची असेल, बापाला मागून घट्ट धरलेलं, मान वर, तोंड उघडं, डोक्यावरून थवा जातोय. काय बोलणार.

वाडीत जाऊन पोहे खाल्ले, वर ओलं खोबरं, बाजूला पापड, दोनदा घेतले. गाईडला निघताना सॉरी म्हणाले. तो म्हणाला, "अहो ताई, होतं." त्याला बहुतेक दर रविवारी कोणीतरी सॉरी म्हणत असणार. खुबेवाली बाई आमच्या बसच्या बाजूनेच गेली, डबा डोक्यावर, आता सरळ चालत, आणि सरळ चालताना ती चांगली उंच होती. आमच्या गळ्यातल्या दुर्बिणींकडे बघून म्हणाली, "काय बगताव येवडा?" काका म्हणाले, "पक्षी." ती "बरा" म्हणाली आणि गेली.

तो सतरा सेकंदांचा व्हिडिओ मी बसमध्येच फॅमिली ग्रुपवर टाकला होता, बॅटरी चार्ज झाल्या झाल्या. डिलीट करावा असं रात्री वाटलं, तोवर एकवीस जणांनी बघितला होता, बदाम, टाळ्या, "निसर्ग!!!", दादाने नुसतं "बाबा" लिहिलं होतं. मग मी परत लावून बघितला. मग परत. पाचव्या-सहाव्या वेळी दिसलं की उजव्या कोपऱ्यात, अगदी कडेला, ती बाई आहे. म्हणजे थवा उठला तेव्हाही ती तिथेच होती, आम्हालाच दिसली नव्हती. वाकलेली. तिच्या पायाशी चार ठिपके आहेत, मोठं करून बघितलं तर पक्षी आहेत, आणि सगळं आभाळ उठलंय तरी ते चार उठलेले नाहीत.

सकाळी उठले तर आत्याचा मेसेज होता. आत्या रेवदंड्यालाच असते अजून, व्हिडिओला बदाम वगैरे काही नाही. "ती कोपऱ्यातली खुबे काढते का? वाटा कितीला देते विचारलंस का?"

नव्हतं विचारलं.